जुन्या डिशच्या एलएनबीनं आकाशाचं तापमान मोजा

दक्षिण ध्रुवावर, अमुंडसेन-स्कॉट तळापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, दहा मीटर व्यासाची एक रेडिओ दुर्बीण उभी आहे. नाव साउथ पोल टेलिस्कोप. २००७ पासून ती मुख्यतः एकच गोष्ट मोजते आहे, मोकळ्या आकाशाचं तापमान. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना जो प्रकाश मोकळा सुटला, तो विश्वाबरोबर ताणला जाऊन आज सूक्ष्मलहरींच्या रूपात आपल्यापर्यंत येतो. त्याचं तापमान उरलं आहे २.७२५ केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअस) जेमतेम वर. यालाच वैश्विक पार्श्वभूमी प्रारण म्हणतात.

मी पुण्यात घरोघरी डिश बसवण्याचं काम करतो. रोज माझ्या हातात असतो तो एलएनबी, म्हणजे डिशपुढच्या दांड्यावरची सिग्नल पकडणारी डबी, आणि ध्रुवावरची ती दुर्बीण ही एकाच जातीची यंत्रं आहेत हे मला समजलं, तेव्हापासून या विषयानं मला धरून ठेवलं आहे. आता लोक फायबर घेतात आणि डिश गच्चीवर तशीच गंजत राहते. तिचा एलएनबी मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याच्याकडून आकाशाचं तापमान कसं मोजून घ्यायचं ते सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. २.७ केल्विन हा आकडा या सामानानं वेगळा काढता येणार नाही. पुण्याची हवा स्वतः किती चमकते, म्हणजे किती सूक्ष्मलहरी सोडते, हे मात्र नक्की मोजता येतं. ते एकदा स्वतः मोजलं की माणसं ही मोजणी करायला पृथ्वीच्या टोकाला का गेली हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

सामान

जुना युनिव्हर्सल एलएनबी लागेल. तो कुठल्याही गच्चीवर सापडेल, फक्त ज्याची डिश त्याला विचारून काढा. नाहीतर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत नवा मिळतो. काट्याचा सिग्नल मीटर घ्या, ज्याला फिटर लोक सॅट फाइंडर म्हणतात. आकडेवाला डिजिटल नको, त्यात दुबळा बदल दिसत नाही. आरजी-६ वायरचे दोन तुकडे आणि नीट क्रिम्प केलेले एफ कनेक्टर. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी, म्हणजे गच्चीवर विजेची वायर ओढायला नको. नेमकी मोजणी करायची तर लॅपटॉपला लावायचं आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीवर चालणारा छोटा रेडिओ, आणि वायरमधून एलएनबीला वीज देणारा एक पॉवर इन्सर्टर. कर्ण्यासाठी, म्हणजे शंकूच्या आकाराच्या अँटेनासाठी, जाड पुठ्ठा आणि अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी. डिशची गरज नाही. कारण पुढे येईल.

आधी काट्यावर बघा

फाइंडरच्या एका तोंडाला एलएनबी लावा, दुसऱ्या तोंडातून बॅटरीचे १२ व्होल्ट द्या. मधली तार धन, बाहेरची जाळी ऋण. हे उलटं झालं तर एलएनबी जाईल, म्हणून जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून खात्री करा. १२ व्होल्टवर एलएनबी उभ्या ध्रुवणात चालतो, म्हणजे फक्त उभ्या दिशेत हलणाऱ्या लहरी घेतो, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

आता एलएनबी हातात धरून तोंड सरळ डोक्यावर करा. फाइंडरची चकती फिरवून काटा पट्टीच्या खालच्या टोकाकडे आणा. मग तोंडावर तळहात धरा. काटा चढतो. हात काढा, उतरतो. जमिनीकडे तोंड करा, पुन्हा चढतो.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तळहातातून कुठलाही सिग्नल निघत नाही. तो फक्त गरम आहे, साधारण ३०५ केल्विन, आणि प्रत्येक गरम वस्तू सूक्ष्मलहरी सोडते. जमीनही सोडते. डोक्यावरचं आकाश त्यांच्या मानानं जवळजवळ गारठलेलं आहे. गिऱ्हाइकाच्या गच्चीवर ज्याला आम्ही ‘नॉईज’ म्हणून झटकून टाकतो, तोच इथे माल आहे. अर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६४-६५ मध्ये अमेरिकेतल्या होल्मडेलच्या अँटेनात असाच एक न जाणारा नॉईज पाहिला, साडेतीन केल्विनच्या आसपासचा. कबुतरांची घरटी काढली, विष्ठा पुसली, तरी तो गेला नाही. १९७८ चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं.

डिश का नको, कर्णा का हवा

पेंझियस-विल्सनची अँटेना डिश नव्हती, कर्णा होता. आपल्या घरांवरची डिश ऑफसेट असते. ती जिकडे तोंड करून दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते, त्यामुळे कोन धरण्यात गोंधळ होतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे एलएनबीची नजर डिशच्या कडेबाहेर थोडी सांडते. डिश डोक्यावर केली की ही सांडलेली नजर खाली तापलेल्या स्लॅबवर पडते. ३०० केल्विनच्या स्लॅबचा पाच टक्के भाग दिसला तरी १५ केल्विन झाले. आपल्याला पकडायचे आहेत हवेचे जेमतेम चार-पाच. टीव्हीला याचा काही त्रास होत नाही, आपल्याला होतो.

म्हणून पुठ्ठ्याचा शंकू करा. अरुंद तोंड एलएनबीच्या गोल तोंडावर घट्ट बसेल एवढं, रुंद तोंड २० सेंटिमीटर, लांबी ३५ ते ४०. आतून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सलग लावा. सांधे एकमेकांवर चढवा, फट ठेवू नका, सुरकुत्या नखानं दाबून बसवा. ११ गिगाहर्ट्झला लहर अडीच सेंटिमीटरच्या थोडी वर असते, त्यामुळे मिलिमीटरभर खडबडीतपणा चालतो, दोन-तीन मिलिमीटरची लांब चीर चालत नाही. असा कर्णा साधारण दहा अंशांचा तुकडा बघतो आणि जमिनीकडे पाठ ठेवतो.

सगळं एका फळीवर पक्कं बांधा. फळीला दाराची बिजागरी लावली की एकाच दिशेत, वर-खाली, कलता येतं. कोनासाठी मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप पुरेसं आहे, मोबाईल फळीच्या कडेला रबरबँडनं बांधा.

डोंगल जोडताना

काटा सरळ प्रमाणात हलत नाही, म्हणून आकड्यांसाठी डोंगल. पॉवर इन्सर्टरच्या ज्या तोंडातून वीज एलएनबीकडे जाते ते आणि ज्यातून फक्त सिग्नल येतो ते, यांची अदलाबदल करू नका. बारा व्होल्ट डोंगलमध्ये गेले तर ते क्षणात जळतं. मी डोंगलच्या आधी एक डीसी ब्लॉकही लावतो, तो वीज अडवतो आणि सिग्नल जाऊ देतो.

एलएनबी ११ गिगाहर्ट्झची लहर खाली उतरवून वायरमध्ये सोडतो. सेट टॉप बॉक्स पट्टा बदलायला पाठवतो तो २२ किलोहर्ट्झचा टोन दिला नाही तर युनिव्हर्सल एलएनबीतला ऑसिलेटर ९,७५० मेगाहर्ट्झवर असतो आणि आलेल्या लहरीतून तेवढे वजा होतात, म्हणजे वायरमधले १,४२० मेगाहर्ट्झ हे आकाशातले ११,१७० झाले. मी मुद्दाम १,४२० च्या आसपास ऐकायला सांगतो. शहरात प्रत्येक तिसऱ्या गच्चीवर मोबाईल टॉवर आहे आणि त्यांचे ९०० व १,८०० मेगाहर्ट्झचे पट्टे सैल कनेक्टरमधून सरळ वायरमध्ये घुसतात. १,४२० ही हायड्रोजनची जागा आहे, खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेली, तिथे जमिनीवरून कुणी बोलत नाही. कनेक्टर मात्र क्रिम्पचाच हवा. तार पिळून टेप गुंडाळलेला जोड इथे उपयोगाचा नाही.

सॉफ्टवेअरमध्ये स्वयंचलित गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते आपोआप ठरवणं, बंद करा. तो चालू असेल तर गरम-गार सगळं एकसारखं दिसेल. गेन एका आकड्यावर ठेवा आणि शेवटपर्यंत हात लावू नका. आरटीएल पॉवर हा छोटा प्रोग्राम दर दहा सेकंदांची सरासरी फाइलमध्ये लिहितो. आकडे डेसिबलमध्ये येतात, ते साध्या प्रमाणात बदलून घ्या: डेसिबलला दहानं भागा आणि दहाचा तेवढा घात करा. हे न करता डेसिबलचीच बेरीज-वजाबाकी करणारे बरेच जण भेटतात आणि त्यांचं उत्तर कधीच जुळत नाही.

कुठे बघायचं

पुण्यात हे माझ्या धंद्यातल्या माणसाला विचारा. सगळे टीव्हीचे उपग्रह दक्षिणेच्या अंगाला आहेत. भूस्थिर उपग्रहांचा पट्टा पुण्याहून दक्षिणेला सर्वात उंच, क्षितिजापासून ६८ अंशांवर येतो आणि दोन्ही बाजूंना उतरत जातो. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आग्नेयेला साधारण ५९ अंश उंचीवर. त्या बाजूला कर्णा गेला की आकाशाचं नाही, बातम्यांचं तापमान मोजाल.

म्हणून डोक्यावरून सुरुवात करा आणि उत्तरेकडे उतरा. उत्तरेला क्षितिजापासून पंचवीस अंशांपर्यंत मोकळं दिसणारी गच्ची हवी. शेजारी उंच टॉवर उभा राहिला असेल तर सामान उचलून टेकडीवर जा. सिंहगडावर नको, तिथे प्रक्षेपणाचे मनोरे आहेत.

वेळ रात्रीची, डिसेंबर ते फेब्रुवारी. एलएनबीचा गेन तापमानाबरोबर सरकतो, त्यामुळे चालू करून निदान तासभर तसाच ठेवा, गच्चीच्या हवेशी जुळू द्या. सूर्य नसावा हे तर आहेच. मार्चच्या मध्याआधी आणि सप्टेंबरअखेरीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास टीव्ही काही मिनिटं तुटतो आणि आम्हाला फोन येतात. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या सूक्ष्मलहरींत उपग्रह बुडून जातो. सगळ्या पुण्याच्या डिश त्या वेळी नकळत सूर्याचं तापमान मोजत असतात. मला ही गोष्ट फार आवडते.

मोजणी

आधी गरम माप. कर्णा गच्चीवरून दिसणाऱ्या दाट झाडात किंवा खालच्या मातीकडे असा रोखा की पूर्ण दृष्टी त्यानं भरेल. थर्मामीटरनं हवेचं तापमान लिहा, २७३ मिळवा. मिनिटभर नोंद घ्या. मग डोक्यावर, मिनिटभर.

उदाहरणादाखल डोक्यावरचं माप १ धरू, झाडाचं आलं ४, हवा २९८ केल्विन. डोक्यावरचं आकाश अंदाजे ८ केल्विन धरा. फरक २९० केल्विन म्हणजे ३ एकक, एक एकक सुमारे ९७ केल्विन. यातले आकाशाचे ८ गेले की एलएनबीचा स्वतःचा नॉईज ८९ केल्विन. आकाश ८ ऐवजी १० धरलं तरी हा आकडा दोन-तीननंच बदलतो, म्हणून अंदाज चालून जातो.

आता खरी मोजणी, जिला स्काय डिप म्हणतात. डोक्यावरून ३०, ४५, ६० आणि जमलं तर ६५ अंश कलत जा. प्रत्येक कोनानंतर परत डोक्यावर या आणि तिथलं माप पुन्हा घ्या. कंटाळवाणं आहे, पण गेन मध्येच सरकला तर तो फक्त याच मापांत दिसतो. पुढे-मागे घेतलेल्या डोक्यावरच्या दोन मापांच्या सरासरीनं मधल्या मापाला भागा.

कललं की हवेचा थर जाड होतो. काकडी तिरकी कापली की चकती लांबट येते तसं. किती पट जाड ते कोनाच्या सेकंटवरून (एक भागिले कोसाइन) कळतं: डोक्यावर १, ३० अंशांना १.१५, ४५ ला १.४१, ६० ला बरोबर २, ६५ ला २.३७. आलेखाच्या आडव्या अक्षावर ही जाडी घ्या, उभ्यावर माप. बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. ६० अंशांना माप १.०४५ आलं तर वाढ ०.०४५ एकक, म्हणजे साडेचार केल्विनच्या थोडं कमी. हा तुमच्या डोक्यावरच्या हवेच्या एका थराचा प्रकाश. पुण्यात हिवाळ्याच्या कोरड्या रात्री तो चार-पाच केल्विनच्या घरात असतो. यातला मोठा भाग ऑक्सिजनचा, उरलेला पाण्याच्या वाफेचा. शेवटचा बिंदू रेषेच्या वर उडाला तर कर्ण्याच्या कडेतून एखादी इमारत दिसते आहे. तो बिंदू सोडून द्या.

आता रेषा डावीकडे वाढवत जाडी शून्य असेल तिथे न्या. हवाच नसती तर काय माप आलं असतं, ते तिथे मिळतं. उदाहरणात ०.९५५ एकक, सुमारे ९२ केल्विन. या ९२ मध्ये एलएनबीचा नॉईज आहे, कर्ण्यानं चोरून पाहिलेली थोडी जमीन आहे, आणि २.७ केल्विन विश्वाचं. ते तिथे आहेतच, फक्त सुटे करता येत नाहीत. पेंझियस-विल्सननी ते सुटे केले कारण त्यांच्याकडे द्रव हेलियमनं थंड केलेलं संदर्भमाप होतं, चार-पाच केल्विनचं. आपलं गार माप आकाशच आहे आणि मोजायचंही आकाशच आहे.

आता ध्रुवाकडे

हे आकडे हातात घेऊन साउथ पोल टेलिस्कोपची रचना बघा, प्रत्येक गोष्टीचं कारण दिसेल.

प्रारणाचा जोर १६० गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक आहे, म्हणून ती दुर्बीण ९५, १५० आणि २२० गिगाहर्ट्झला बघते. पण तिथे हवा आपल्या ११ पेक्षा कितीतरी जास्त चमकते. ६० आणि ११८ ला ऑक्सिजनच्या रेषा आहेत, १८३ ला पाण्याच्या वाफेची. ते तीन पट्टे या रेषांच्या मधल्या खिडक्या आहेत. खिडकीतून किती स्वच्छ दिसेल ते वाफेवर ठरतं. पुण्यावरची सगळी वाफ पावसाळ्यात एका थरात ओतली तर काही सेंटिमीटर पाणी होईल. दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात साधारण पाव मिलिमीटर. जागा २,८०० मीटरहून उंच आणि हिवाळ्यात उणे ६० अंशांच्या आसपास, एवढ्या थंडीत हवा वाफ धरूच शकत नाही. आणि सहा महिने सूर्य उगवत नाही, म्हणजे दिवसाचं तापणं-रात्रीचं निवणं नाही, हवा ढवळली जात नाही. आपण तासभर थांबून जे स्थैर्य मिळवतो ते तिथे महिनोन्‌महिने मिळतं.

स्काय डिप केलेल्या माणसालाच कळेल अशी एक गोष्ट आहे. पुण्यातून प्रत्येक तारा चढतो-उतरतो, म्हणजे त्याच्यासमोरची हवेची जाडी सतत बदलते. ध्रुवावर आकाश आडवं फिरतं. एखादा तुकडा चोवीस तास त्याच उंचीवर राहतो. दुर्बीण त्याच उंचीवर डावी-उजवीकडे झाडत जाते आणि सेकंट बदलतच नाही. आपल्या आलेखावर बोलायचं तर ते एकाच बिंदूवर उभे राहून मोजतात.

एवढं कशाला, तर त्यांना २.७ मोजायचेच नाहीत. ते काम १९८९ च्या कोबे उपग्रहानं केलं. त्यांना हवी आहे त्यातली चढ-उतार, लाखात एक भाग, म्हणजे तीसेक मायक्रोकेल्विन. मापातली चूक कमी करायला रेडिओमीटरचा साधा नियम आहे: यंत्रणेचं तापमान, भागिले पट्ट्याची रुंदी गुणिले वेळ यांचं वर्गमूळ. आपलं तापमान १०० केल्विन आणि डोंगलचा पट्टा २ मेगाहर्ट्झ. दहा सेकंदांत चूक ०.०२ केल्विन येते, हवा मोजायला भरपूर. तीस मायक्रोकेल्विनपर्यंत पोचायला मात्र याच नियमानं दोन महिने एका जागी रोखून बसावं लागेल, तेही गेन केसभर न हलता, आणि हाती येईल आकाशातला एक ठिपका. म्हणून त्यांनी शोधक ०.३ केल्विनच्या आसपास थंड केले आणि संख्या वाढवत नेली. पहिल्या कॅमेऱ्यात ९६०, २०१७ पासूनच्या एसपीटी-३जी कॅमेऱ्यात सुमारे १६,०००. दहा मीटरच्या तबकडीमुळे त्यांचा ठिपका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारीक आहे, आपल्या कर्ण्याचा दहा अंशांचा.

पुण्याजवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या तीस डिश. तिला ध्रुवावर जायला लागलं नाही, कारण ती साधारण १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच बघते आणि तिथे पावसाळी हवाही जवळजवळ पारदर्शक असते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे लोकांना बघता येतं. मुलांना न्याच, आणि आपला आलेख सोबत ठेवा. तिथली माणसं मनापासून बोलतात.

वहीत काय लिहायचं

एका रात्रीच्या मोजणीवर थांबू नका. तारीख, वेळ, हवेचं तापमान, आर्द्रता, ढग, गरम माप, डोक्यावरची सगळी मापं आणि रेषेचा चढ, एवढं दर महिन्याला एकदा लिहा. मार्चमध्ये हवा कोरडी असली तरी जमीन उशिरापर्यंत तापलेली असते, तेव्हा मध्यरात्रीनंतर मोजा. मेच्या शेवटी वळिवाआधी चढ वाढलेला दिसेल, जूनमध्ये आणखी. ढगाचा जाड तुकडा डोक्यावरून गेला तर माप डोळ्यांदेखत वर जातं. पाणी अंगावर घेतलेला कर्णा मात्र खोटं बोलतो, कारण पाण्याचा पातळ थरसुद्धा खोलीच्या तापमानानं चमकतो. पावसाळ्यात तोंडावर पातळ प्लॅस्टिक ताणून लावा, प्रत्येक मोजणीआधी ते कोरड्या फडक्यानं पुसा, आणि प्लॅस्टिक असताना-नसतानाचं डोक्यावरचं माप एकदा घेऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.